कापसाच्या भावाखाली आणखी चार आकडे छापा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या बाजारभावाच्या रकान्यात कापसाची एक ओळ असते: आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. हंगामात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतली असंख्य घरे सकाळी आधी ती ओळ पाहतात. भाव काल काय होता हे त्या ओळीवरून समजते. तो तेवढाच का होता आणि आज दारात गाडी घेऊन आलेला व्यापारी सांगतोय तो भाव रास्त आहे का, हे मात्र समजत नाही. म्हणून आमची मागणी आहे की ऑक्टोबर ते मार्च या काळात त्या ओळीखाली रोज आणखी चार आकडे छापावेत: न्यूयॉर्कच्या रुई वायद्याचा (पुढच्या महिन्यांतल्या मालाच्या आजच होणाऱ्या सौद्याचा) बंद भाव, डॉलरचा दर, देशातील २९ मिलिमीटर लांबीच्या रुईचा खंडीचा दर आणि जळगाव परिसरातील सरकीचा दर.

खेडा खरेदी, म्हणजे गावात दारोदार येऊन खरेदी, करणाऱ्या व्यापाऱ्याच्या मोबाइलवर हे चारही आकडे सकाळीच आलेले असतात. जिनिंगवाला (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारा कारखानदार) त्याला भाव कळवतो तोच मुळी या आकड्यांवरून. व्यापारी लबाडच असतो असे आमचे म्हणणे नाही. तोही गाडीभाडे, हमाली आणि उधारीचा धोका पत्करून धंदा करतो. पण सौद्याला बसलेल्या दोघांपैकी एकालाच हिशेब ठाऊक असेल, तर दुसऱ्याने घासाघीस करायची तरी कशाच्या जोरावर?

हिशेब अवघड नाही, दहावीच्या गणिताएवढाही नाही. एक क्विंटल कापूस जिनमध्ये घातला की साधारण ३४ ते ३६ किलो रुई निघते, ६२ ते ६४ किलो सरकी निघते आणि उरलेली घट. रुईची खंडी ३५६ किलोची. समजा खंडीचा दर ५४,००० रुपये आहे आणि सरकी ३,३०० रुपये क्विंटल आहे. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) ५४,००० ला ३५६ ने भागले की रुई पडते १५१ रुपये ७० पैसे किलो. ३५ किलो रुईचे झाले सुमारे ५,३१० रुपये. ६३ किलो सरकीचे ३३ रुपयांप्रमाणे २,०७९. दोन्ही मिळून ७,३८९. यातून जिनिंग-प्रेसिंग, वाहतूक, हमाली आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करायचा. त्यासाठी क्विंटलमागे ३५० रुपये धरले, तर दारात मिळायला हवा तो भाव ७,०४० च्या आसपास येतो. समोरचा ६,५०० म्हणत असेल, तर वरचे पाचशे कशाचे हे विचारता येते. ७,००० म्हणत असेल, तर उगाच ताणून गाडी परत पाठवण्यात अर्थ नसतो.

एकदा हा हिशेब बसला की रोजच्या चढउतारासाठी चार बेरजा पुरतात. खंडीमागे हजार रुपये वाढले की कापसाला क्विंटलमागे ९८ रुपये वाढायला हवेत. सरकी किलोमागे एक रुपयाने हलली की ६३ रुपयांचा फरक. न्यूयॉर्कचा भाव पौंडामागे एक सेंटने हलला आणि डॉलर ८८ रुपयांना असला, तर खंडीत ७८४ पौंड बसतात म्हणून खंडीमागे ६९० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ६८ रुपयांचा फरक. डॉलर नुसता एक रुपयाने महागला आणि वायदा ६५ सेंटांवर तसाच राहिला, तरी क्विंटलमागे ५० रुपयांची जागा तयार होते. अमेरिकेतला आजचा एक सेंट उद्याच आपल्या अंगणात येतो असे नाही. मधे देशातली आवक, सूतगिरण्यांची मागणी आणि सरकारी खरेदी येते. पण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पाहिले तर दिशा बहुधा तीच असते.

खानदेशाला हे नवे नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवी युद्धात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला मुंबईमार्गे सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. तेव्हा खबर आगबोटीने यायची. आता ती सेकंदात येते, फक्त सगळ्यांपर्यंत एकाच वेळी पोचत नाही.

अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कचा वायदा दीड डॉलर पौंडाच्या वर होता आणि आपल्याकडे खंडी एक लाखावर गेली होती. त्या वर्षी दहा हजारांच्या वर गेलेला भाव लोकांच्या मनात घर करून राहिला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून घराघरांत कापूस साठला. पण ऑक्टोबर २०२२ संपताना तोच वायदा ७० सेंटांच्या घरात, म्हणजे निम्म्यावर आला होता. हा एक आकडा रोज डोळ्यांसमोर असता, तर नोव्हेंबरात चांगला भाव असताना निदान निम्मा माल तरी अनेकांनी मोकळा केला असता. प्रत्यक्षात कापूस उन्हाळ्यापर्यंत घरात पडून राहिला, भाव सात हजारांकडे उतरला, आणि साठवलेल्या कापसातल्या किडीमुळे लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली ती वेगळीच.

इथे आपल्यालाही एक विनंती. हंगामाच्या सुरुवातीला मुहूर्ताच्या खरेदीची बातमी मोठ्या मथळ्याने येते आणि त्यात चढा भाव असतो. तो भाव मानाचा असतो, थोड्याशा मालाला दिलेला असतो. बातमी जरूर द्यावी, पण त्याच बातमीत त्या दिवशीचा खंडीचा आणि सरकीचा दर द्यावा. वाचणाऱ्याने वर्षभराच्या अपेक्षा त्या मुहूर्तावर बांधू नयेत.

आयात शुल्काचेही असेच आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर एकूण ११ टक्के आयात शुल्क आले. २०२२ मध्ये काही महिने ते काढले गेले. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते पुन्हा शून्य झाले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. याच ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले आणि तिरुपूरच्या कपड्यांच्या ऑर्डरींना खीळ बसली. या दोन्ही बातम्या आपल्या पहिल्या पानावर होत्या, पण कापूस उत्पादकासाठी त्यांचा अर्थ रुपयांत कुणी सांगितला नाही. तो असा काढता येतो: ७० सेंटांच्या कापसावर ११ टक्के म्हणजे ७.७ सेंट. सेंटमागे ६९० रुपये धरले की खंडीमागे सुमारे ५,३०० रुपये आणि कापसाला क्विंटलमागे सुमारे ५२० रुपये. शुल्क उठले की परदेशी रुई गिरणीच्या दारात तेवढी स्वस्त होते आणि देशी रुईला तिच्याशी झुंजावे लागते. पाचशे वीसचे पाचशे वीस रुपये उतरतीलच असे नाही, पण दबाव किती मोठा आहे हे तरी कळते. तोही ऐन वेचणीच्या तोंडावर आला होता.

स्पर्धा कुणाशी आहे हेही पाहायला हवे. २०२३-२४ मध्ये ब्राझीलने अमेरिकेला मागे टाकून कापूस निर्यातीत पहिला क्रमांक मिळवला. तिथे हेक्टरी अठराशे किलोच्या आसपास रुई निघते, आपल्याकडे साडेचारशेच्या आसपास. तिथली वेचणी यंत्राने, आपली हाताने, आणि वेचणीची मजुरी दरवर्षी वाढती. शिवाय जगाला लागणाऱ्या एकूण धाग्यात कापसाचा वाटा आता चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे; बाकीचा मोठा भाग पॉलिस्टरचा. खनिज तेल स्वस्त झाले की पॉलिस्टर स्वस्त होते आणि गिरणी मिश्र सुताकडे वळते. पेट्रोल उतरले म्हणून आपण सुखावतो, तेव्हा कापसाला त्याची झळ बसते.

सरकीकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते. वरच्या उदाहरणात कापसाच्या किमतीतला चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग सरकीचा आहे. सरकीला भाव येतो तेलामुळे आणि तेल काढल्यावर उरणाऱ्या ढेपेमुळे. सरकीच्या तेलाला पामतेलाची साथसंगत असते. एप्रिल-मे २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली तेव्हा सगळीच खाद्यतेले पेटली होती. केंद्राने मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले, त्याने तेलाचा आधार सैल झाला. ढेपेवर दुसऱ्याच बाजूने दबाव आहे. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो पशुखाद्य म्हणून विकला जातो, आणि इथेनॉलचे कारखाने वाढले तसा तो बाजारात मुबलक झाला. प्रथिने भरपूर, भाव कमी. पशुखाद्याचे कारखाने तिकडे वळतात आणि ढेपेची मागणी मार खाते. गाडीच्या टाकीत जाणाऱ्या इथेनॉलचा चोपड्याच्या कपाशीशी संबंध आहे तो असा. ज्या घरी कपाशीही आहे आणि दोन म्हशीही आहेत, त्या घराला ढेप स्वस्त मिळते खरी, पण कापसाचे क्विंटलमागे दीडशे-दोनशे गेलेले असतात. म्हणून चार आकड्यांत सरकी हवीच. बाजार समितीच्या भावफलकावर ती बहुतेक ठिकाणी नसते.

आता हे आकडे हाती आले तरी तीन गोष्टी दारातच मोजाव्या लागतात: ओल, उतारा (शंभर किलो कापसातून निघणारी रुई) आणि वजन. पैसा खरा गळतो तो इथे.

ओलीपासून सुरुवात करतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये. हमीभावाने खरेदी करणारे सरकारी महामंडळ सीसीआय (कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) पूर्ण भाव देते तो ८ टक्के ओलीला. त्यावर प्रत्येक टक्क्याला भावाच्या एक टक्का कपात आणि १२ टक्क्यांच्या वर माल परत. म्हणजे ८,११० वाला कापूस १२ टक्क्यांवर ७,७८६ ला जातो. हे ऐकून बरेच जण माल कडकडीत वाळवतात. पण त्यात वजन जाते. १२ टक्के ओलीचा १०० किलो कापूस ८ टक्क्यांवर आणला की उरतो ९५ किलो ६५० ग्रॅम, आणि त्याचे पूर्ण भावाने होतात ७,७५७ रुपये. म्हणजे बारावरून आठवर आणण्यात काहीच कमाई नाही, उलट दोन दिवसांची मजुरी जाते. महत्त्व आहे ते तेरा-चौदावरचा माल बाराच्या आत, थोडी सवलत ठेवून अकराच्या आसपास आणण्याला. त्यासाठी दव सुकल्यावरच, सकाळी नऊ-दहानंतर वेचणी करावी, ताडपत्रीवर पातळ पसरून एक-दोन उन्हे द्यावीत आणि रात्री झाकावा. युरियाच्या प्लॅस्टिक गोणीत भरू नये. त्यात ओल कोंडते आणि गोणीचे धागे रुईत मिसळले की प्रत जाते.

ओल मोजणारे यंत्र कापसातून वीज किती सहज जाते ते पाहते. ओल जास्त, तर वीज सहज जाते आणि आकडा चढतो. पण कापूस यंत्राखाली घट्ट दाबला, तरीही वीज सहज जाते आणि आकडा चढतो. तोच कापूस, तेच यंत्र. हलक्या हाताने धरले तर १० आणि गुडघ्याने दाबले तर १३ दिसू शकते. घामेजल्या हाताने नमुना धरला तरी तेच. म्हणून नमुना गाडीच्या मधल्या थरातून घ्यावा, दाब प्रत्येक वेळी सारखा ठेवायला सांगावा, किमान तीन ठिकाणी मोजून सरासरी धरावी, आणि यंत्राची बॅटरी उतरलेली नाही ना हे आधी पाहावे. असे एक यंत्र गावाने मिळून घेतले, विकास सोसायटीत ठेवले, तर गाडी भरण्यापूर्वीच कळेल की केंद्रावरून माल परत येणार की नाही. परत आलेल्या गाडीचे भाडे शेतकऱ्याच्याच खिशातून जाते.

उतारा तर खेडा खरेदीत कुणी मोजतच नाही. वरच्याच दरांनी उतारा एक टक्का वाढला, तर एक किलो रुई जास्त आणि एक किलो सरकी कमी, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ११९ रुपये. ३३ उताऱ्याच्या आणि ३६ उताऱ्याच्या कापसात साडेतीनशे रुपयांचा फरक असतो, पण एका गल्लीत दोन्हींना एकच भाव मिळतो. चांगल्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा माल आणि बोंडअळीने खाल्लेली कवडी मिसळलेला फरदडचा (हंगाम संपल्यावर पीक राखून घेतलेल्या उशिराच्या वेचणीचा) माल एका मापाने जातो, त्यात चांगल्याचे नुकसान होते. घरी अंदाज घेता येतो. वाळलेला कापूस ढिगाच्या चार-पाच जागांहून घेऊन १०० ग्रॅम तोलावा, सोनाराकडच्यासारखा लहान इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर उत्तम. चिमटीने रुई सोडवून सरकी वेगळी करावी आणि सरकी तोलावी. सरकी ६५ ग्रॅम भरली तर उतारा ३५ च्या जवळ. सरकीवर थोडे तंतू चिकटून राहतात, म्हणून हा आकडा किंचित कमीच दिसतो. वेचणीनुसार ढीग वेगळे ठेवून प्रत्येकाचा असा उतारा काढला, की कोणता ढीग आधी विकायचा आणि कुणाला दाखवायचा हे ठरवता येते.

वजनाबाबत थोडक्यात. काट्यावर चालू वर्षाच्या पडताळणीचा शिक्का आहे का ते पाहावे. रिकामा काटा शून्य दाखवतो म्हणजे तो खरा असतो असे नाही. घरून आधी खऱ्या काट्यावर तोललेली एखादी जड वस्तू ठेवावी आणि ती सुरुवातीला नव्हे, माल मोजणे अर्ध्यावर आले असताना ठेवून पाहावी, कारण रिमोटची लबाडी चालते ती मधेच. कडता, म्हणजे वजनातली वरकड कपात, कुठल्याच नावाखाली देऊ नये.

सरकारी खरेदीबद्दल एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. सीसीआयने २०२५ च्या हंगामात कपास किसान ॲपवर नोंदणी आणि वेळ ठरवणे सक्तीचे केले. आधार, सातबारा, त्यावर कपाशीचा पेरा आणि आधारशी जोडलेले बँक खाते, एवढे लागते. रांग कमी व्हावी हा हेतू चांगला आहे. पण ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावर पीक चढवण्याच्या मोबाइलवरच्या नोंदणीत) कपाशी चढली नसेल, तर पुढचे सगळे अडते, आणि ती चूक ध्यानात येते तेव्हा पाहणीची मुदत उलटलेली असते. त्याहून मोठी अडचण नफ्याने (मालकाला ठरलेली रक्कम देऊन) किंवा बटाईने शेत करणाऱ्याची. राबतो तो, बियाणे-खत उधारीवर आणतो तो, पण सातबारा मालकाच्या नावावर. हमीभाव त्याच्यापर्यंत पोचतच नाही, तो खेडा खरेदीच्या हवाली असतो. वरचा हिशेब सगळ्यांत जास्त गरजेचा आहे तो त्याला. ई-पीक पाहणीची शेवटची तारीख जवळ आली की आपण ती आठवडाभर रोज चौकटीत छापावी, ही आमची दुसरी विनंती.

पहिल्या मागणीबाबत काही तपशील, म्हणजे छापायला अडचण येऊ नये. न्यूयॉर्कचा वायदा मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबर या महिन्यांचा असतो. आपण जास्त व्यवहार होणारा महिना घ्यावा: हंगामाच्या सुरुवातीला डिसेंबर, नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्च, आणि फेब्रुवारीत मे. महिन्याचे नाव आकड्याबरोबर छापावे, नाहीतर महिना बदलला त्या दिवशी भाव उगाच वाढला किंवा पडला असे वाटेल. डॉलरसाठी फायनान्शियल बेंचमार्क्स इंडियाचा दुपारचा संदर्भ दर घ्यावा. खंडीसाठी मुंबईच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचे रोजचे दर असतात. सरकीचा दर मात्र आपल्या वार्ताहरांनाच जळगाव, जामनेर आणि बोदवडच्या जिनिंगमधून घ्यावा लागेल. किमान दोन ठिकाणचा घेऊन छापावा. हिवाळ्यात न्यूयॉर्कचा वायदा बंद होतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १२ वाजून ५० मिनिटे झालेली असतात. तालुका आवृत्ती तोवर छपाईला गेलेली असेल, म्हणून आदल्या दिवसाचा आकडा तारखेसह दिला तरी चालेल.

आपले,
कापसाच्या व्यवहाराशी संबंधित काही वाचक
जि. जळगाव